अंदाजपत्रकात आवाजासाठी एक ओळ: सांगली-मिरजेत सभागृहं आणि शाळा बांधणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरात नाट्यगृहं, सभागृहं, शाळा आणि मंगल कार्यालयं बांधणारे, मंजूर करणारे आणि चालवणारे सर्व अभियंते, वास्तुविशारद, ठेकेदार, संस्थाचालक आणि लोकप्रतिनिधी यांस,

स.न.वि.वि.

नव्या सभागृहाच्या उद्घाटनाची पत्रिका येते तेव्हा तिच्यात आसनक्षमता असते, वातानुकूलन असतं, एलईडी स्क्रीन, पार्किंग आणि जनरेटर असतो. इथं बोललेलं शेवटच्या रांगेला कळतं की नाही, हे मात्र कुठल्याच पत्रिकेत वाचायला मिळत नाही. ते अंदाजपत्रकातच नसतं, आणि अंदाजपत्रकात नसतं कारण नकाशा मंजूर होताना कुणी विचारलेलं नसतं. पाया, स्लॅब, वायरिंग, रंग, प्रत्येक कामाला कुणीतरी जबाबदार असतो. आवाजाला कुणीच नसतो. मग उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे बोलायला उभे राहतात, शब्दावर शब्द चढायला लागतो आणि सगळ्यांच्या माना साउंडवाल्याकडे वळतात. त्या बिचाऱ्याच्या हातात मिक्सर असतो, भिंती नसतात.

मी दिवसा प्राथमिक शाळेत शिकवते आणि संध्याकाळी हौशी नाट्यसंस्थांचं पार्श्वसंगीत आणि ध्वनी सांभाळते. दोन्हीकडे काम एकच, बोललेला शब्द ऐकणाऱ्यापर्यंत धड पोचवणं. दोन्हीकडे अडचणही एकच, वास्तू.

हे पत्र डीजेविरुद्ध नाही, हे आधीच सांगते. मोठ्या आवाजासाठी 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवती 100 मीटरचं शांतता क्षेत्र आहे, रात्री दहानंतरची बंदी आहे. ते नियम पाळले जावेत म्हणून भांडणारी माणसं आपल्याकडे आहेत आणि मी त्यांच्या बाजूची आहे. मला बोलायचंय ते साध्या, माणसाच्या आवाजाबद्दल, जो खोलीत शिरल्यावर बिघडतो. त्याची तक्रार पोलिसांत करता येत नाही. तो बिघाड स्लॅबबरोबरच ओतला गेलेला असतो.

भिंत आवाज परत फेकते, हे शाळेच्या विज्ञानात सगळ्यांनी वाचलंय. हवेत आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. बोलणाऱ्याच्या तोंडून थेट आलेल्या आवाजानंतर 50 मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे फार तर 17 मीटर जास्तीची वाट चालून, जो परतलेला आवाज कानावर येतो, तो मूळ शब्दात मिसळून जातो आणि त्याला बळ देतो. रंगमंचाजवळच्या भिंती आणि पुढचं छत नीट कोनात असलं तर नटाला ही मदत फुकट मिळते. त्यानंतरही जो आवाज येत राहतो, तो पुढच्या शब्दावर जाऊन बसतो. आवाज थांबल्यापासून तो 60 डेसिबलने उतरेपर्यंत लागणारा वेळ म्हणजे त्या जागेचा निनादाचा काळ. आपण साध्या बोलीत ‘हॉल घुमतो’ म्हणतो, ते याच सेकंदांत मोजायचं.

मराठीला हा घुमारा विशेष महाग पडतो, असं मला रोज शिकवताना दिसतं. बोलण्यातला जोर स्वरांत असतो. ‘आ’, ‘ओ’ लांब आणि भरदार असतात, त्यांची बहुतेक ताकद खालच्या पट्टीत असते. अर्थाचा भार मात्र व्यंजनांवर असतो, आणि ती आखूड, हलकी आणि वरच्या पट्टीतली. ‘पाट’ आणि ‘पाठ’ यांत फरक किती? ट च्या मागून सुटलेला श्वासाचा एक झोत, तोही क्षणभराचा. आधीच्या ‘पा’चा घुमारा खोलीत रेंगाळत असेल तर तो झोत त्याच्याखाली गाडला जातो. शुद्धलेखन घालताना पहिल्या बाकावरचं मूल ‘पाठ’ लिहितं, शेवटच्या बाकावरचं ‘पाट’. ‘डाळ’ आणि ‘ढाळ’, ‘काका’ आणि ‘खाका’ यांचं तेच. आपण मोठी माणसं वाक्याच्या अंदाजाने निसटलेलं अक्षर भरून काढतो. पहिली-दुसरीतल्या मुलाकडे तेवढा शब्दसाठाच नसतो, म्हणून त्याचं नुकसान आपल्यापेक्षा जास्त होतं. त्या मुलाच्या वहीवर आपण लाल शाईने गोल करतो आणि ‘लक्ष दे’ असं लिहितो.

ही खोली किती घुमेल, हे बांधण्याआधी वहीवर काढता येतं. 1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातलं व्याख्यानगृह इतकं घुमत होतं की तिथं शिकवणं अशक्य झालं. ते दुरुस्त करायचं काम वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्राच्या तरुण प्राध्यापकावर आलं. त्याने जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, त्या थोड्या थोड्या मांडत गेला, ऑर्गनची नळी वाजवून थांबवली आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ घड्याळावर टिपला. रिकाम्या खोलीत तो साडेपाच सेकंदांच्या आसपास होता. त्यातून निघालेला नियम आजही जगभर वापरतात: खोलीचं घनफळ घनमीटरात घ्या, 0.161 ने गुणा, आणि खोलीतल्या सगळ्या पृष्ठभागांनी मिळून जेवढा आवाज शोषला जातो त्याने भागा. याच नियमाच्या आधारे बांधलेलं बोस्टनचं संगीत सभागृह 1900 मध्ये उघडलं. म्हणजे हे ज्ञान आपल्या बहुतेक काँक्रीटच्या इमारतींपेक्षा जुनं आहे.

आता आपला एखादा वर्ग घेऊ. 7 मीटर लांब, 6 मीटर रुंद, 3 मीटर उंच. घनफळ 126 घनमीटर. फरशी गुळगुळीत, भिंतींना ऑइलपेंट, वर उघडा स्लॅब. असे पृष्ठभाग आवाजाचे जेमतेम तीन-चार टक्के शोषतात, बाकीचा परत फेकतात. रिकाम्या वर्गाचा निनाद तीन सेकंदांच्या घरात जातो. चाळीस मुलं येऊन बसली की त्यांचे कपडे आणि अंगं आवाज शोषतात आणि तो एक सेकंदाच्या थोडा वर येऊन थांबतो. अमेरिकेतल्या शाळांच्या मानकात एवढ्या वर्गासाठी 0.6 सेकंदांची मर्यादा आहे. आपल्या वर्गाच्या छताला नुसतं चांगलं शोषक आच्छादन लावलं, भिंती आहेत तशाच ठेवल्या, तरी हाच आकडा अर्ध्या सेकंदाच्या खाली येतो. बाईंचा घसा तोच, मुलं तीच. माझ्यासोबतच्या कितीतरी शिक्षिका दुपारपर्यंत आवाज बसून घरी जातात आणि गरम पाण्याच्या गुळण्या करतात. त्यांच्यापैकी अनेकींचा घसा नाजूक नाही, त्यांच्या वर्गाचं छत उघडं आहे.

नाद म्हणजे काय हे आपल्या गावाला कुणी शिकवायची गरज नाही, म्हणून तर वाईट वाटतं. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात तंबोऱ्याची जवारी लावताना कधी बसून बघा. कारागीर घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या आधाराचा, माथा कानसेने घासतो, तार छेडतो, कान लावतो, पुन्हा घासतो. त्या माथ्याची गोलाई डोळ्यांना दिसतही नाही. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतो, केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी धागा येतो आणि तोवर बंद असलेली तार अचानक खुलते, तिच्यातून स्वरांची एक झालरच बाहेर पडते. ही जादू शास्त्रज्ञांनाही खुणावून गेली, सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर शोधलेख लिहिला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. तोच तंबोरा चकचकीत टाइल्सच्या सभागृहात नेऊन वाजवा. पहिल्या तारेचा नाद उतरायच्या आत दुसरी येते, तिसरी येते, सगळ्यांचा मिळून एक चिखल होतो. गायक षड्ज शोधत राहतो आणि मॉनिटर, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर, वाढवायला सांगतो. घोडीवर केसभर फरकासाठी दिवस घालवणाऱ्या माणसाचं काम पुढच्या काही मीटरांत वाया जातं. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले, जिथं त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या आवारात देशभरचे गवई हजेरी लावायला येतात, त्या गावात हे घडू नये.

‘माईक आहे की’, हे उत्तर मला नेहमी मिळतं. समजा 20 मीटर बाय 15 मीटर, 6 मीटर उंच असा बहुउद्देशीय हॉल आहे. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, बाजूला काच आणि प्लॅस्टर, वर पीओपी. रिकामा असताना त्याचा निनाद पाच-सहा सेकंद येतो. अशा हॉलमध्ये बोलणाऱ्यापासून मीटर-दीड मीटर लांब गेलात की थेट आवाजापेक्षा घुमाराच जास्त ऐकू येतो. नाटकात वर टांगलेले माईक आणि रंगमंचाच्या कडेचे माईक नटापासून त्याहून कितीतरी लांब असतात. ते घुमाराच उचलतात, आणि मी आवाज वाढवायला मिक्सरवरचा फेडर वर नेला की घुमाराही तेवढाच वर जातो. आणखी थोडा नेला की शिट्टी सुरू होते. तीनशे माणसं भरली की तोच हॉल पावणेदोन सेकंदांवर येतो. म्हणून तालमीला एक हॉल, प्रयोगाला दुसरा, आणि पावसाळ्यातल्या अर्ध्या भरलेल्या प्रयोगाला तिसराच. गाद्यांच्या खुर्च्या असलेल्या नाट्यगृहात हा फरक कमी पडतो, कारण रिकामी खुर्चीही माणसासारखीच आवाज शोषते. खुर्ची निवडताना बैठक किती मऊ हे बघतो, तिची पाठ आणि आसन आवाज किती घेतं हेही बघायला हवं.

सांगली स्वतःला नाट्यपंढरी म्हणवते. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने इथं पहिला प्रयोग केला, त्याची आठवण म्हणून 5 नोव्हेंबरला सगळा महाराष्ट्र रंगभूमी दिन पाळतो. पुढे कित्येक दशकं नटांनी माईकशिवाय पदं म्हटली आणि स्वगतं बोलली. आवाज फेकायची तालीम होती हे खरं, पण जागाही साथ देत होत्या. मांडवाचं कापड, लाकडी तक्तपोशी, सतरंज्या, खच्चून भरलेली माणसं, सगळं आवाज आवरणारं. आपल्या जुन्या वाड्यांतही मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन आणि बैठकीच्या गाद्या होत्या. आपण घरं आणि हॉल पुसायला सोपे केले, ते बरंच झालं. पण मऊपणा काढून टाकताना त्याच्या जागी आवाजासाठी दुसरं काही ठेवलं नाही.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळातली, 1915 पासूनची ती वास्तू. त्या रात्रीनंतर आमच्या क्षेत्रातली माणसं एकमेकांना फोन करून रडली आहेत. वास्तू पुन्हा उभी करता येते. नकाशे असतात, छायाचित्रं असतात. पण तिथं बोलल्यावर कसं वाटायचं हे नकाशात नसतं. पॅरिसचं नोत्र दाम 2019 मध्ये जळालं तेव्हा तिथल्या नादाची मोजमापं संशोधकांकडे होती, कारण 2013 मध्येच त्यांनी चर्चमध्ये उपकरणं लावून ती घेऊन ठेवली होती. दुरुस्तीच्या काळात ती उपयोगी पडली. आपल्याकडची भावे नाट्यमंदिर, दीनानाथ नाट्यगृह, मिरजेचं बालगंधर्व नाट्यगृह ही ठिकाणं, आणि तालुक्यातली जुनी छोटी सभागृहंही, अशी मोजून ठेवली पाहिजेत. नूतनीकरणाचा पहिला हातोडा पडण्याआधी. नूतनीकरणात चांगला आवाज बिघडू शकतो, आणि आधी काय होतं याची नोंद नसली तर काय हरवलं हेही सांगता येत नाही.

घुमारा म्हणजे शत्रू असं माझं म्हणणं नाही. कृष्णाकाठी गणपती मंदिराच्या दगडी सभामंडपात आरती चालू असताना घंटेचा नाद जो तरंगतो तो तसाच हवा. तिथं शब्द सगळ्यांना पाठ असतात, त्यामुळे अक्षर हरवण्याची भीती नसते. विजापूरच्या गोलघुमटात आपण मुलांना घेऊन जातो, कुजबुज वक्र भिंतीला धरून पलीकडे पोचते हे दाखवतो. पण ती सतराव्या शतकातली कबरीची वास्तू आहे. तिचं वक्र छत भाषणाच्या हॉलला चढवलं तर आवाज एका जागी गोळा होतो आणि बाकीच्या जागा उपाशी राहतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदाला दोन सेकंदांच्या आसपासचा निनाद मानवतो, नाटकाला एक सेकंदाच्या आसपासचा. आधी जागा कशासाठी हे ठरवावं, मग आकडा.

मंगल कार्यालयाबद्दल थोडंच लिहिते. पंगतीत शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं, म्हणून प्रत्येक जण ओरडतो, म्हणून पुढच्याला आणखी ओरडावं लागतं. त्यात श्रवणयंत्र लावलेले आजोबा कोपऱ्यात गप्प बसून असतात, कारण यंत्र आवाज मोठा करतं, शब्द आणि घुमारा वेगळे करत नाही. आपल्या मिरजेच्या दवाखान्यांच्या गावात वॉर्डांचंही बघावं. जागतिक आरोग्य संघटनेने रात्री वॉर्डात 30 डेसिबलची शिफारस केलेली आहे. टाइल्सच्या कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरचं एक चाक खडखडलं तरी ते टोकापर्यंत जातं.

उपाय करताना जे चुकतं तेही सांगायला हवं. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून काही साधत नाही. भिंतीला पातळ कार्पेट लावलं तर वरची पट्टी तेवढी मरते, खालची तशीच घुमत राहते, आणि हॉल एकाच वेळी दबका आणि गुणगुणणारा होतो. खालच्या पट्टीतल्या, 100 हर्ट्झच्या आवाजाच्या एका लाटेची लांबी साडेतीन मीटरच्या जवळ असते. त्याला बोटभर जाडीचं कापड अडवणार कसं? जाडी हवी, किंवा पॅनेलच्या मागे हवेची पोकळी हवी. छिद्रांच्या पॅनेलमागे ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंची गादी, हा रुळलेला मार्ग आहे. समोरासमोरच्या दोन सरळ, गुळगुळीत भिंतींमध्ये टाळी वाजवली की ‘फर्रर्र’ असा आवाज येतो, त्यातली एक तिरकी करणं नकाशावर फुकट असतं आणि नंतर महाग. आणि दोन गोष्टी आपल्या भागासाठी खास. सांगलीने 2005, 2019 आणि 2021 चा महापूर पाहिलाय, तेव्हा शोषक सामान छताला आणि भिंतींच्या वरच्या भागात लावा, जमिनीलगत नको. एकदा भिजलेलं ग्लासवूल फेकूनच द्यावं लागतं. आणि जे लावाल ते आगीला दाद न देणारं असावं, त्याचं प्रमाणपत्र बघूनच. उघडा फोम कुठल्याही नाट्यगृहात शिरू देऊ नका.

मागणी अवघड नाही. सभागृहांच्या ध्वनिरचनेसाठी भारतीय मानक 2526 हे 1963 पासून आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत ध्वनीवर स्वतंत्र विभाग आहे. त्यांचा उल्लेख निविदेत करा. नकाशासोबत त्या जागेचा अपेक्षित निनाद किती, हे वास्तुविशारदाने लिहून द्यावं, रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही स्थितींत. काम पूर्ण झाल्यावर तो मोजावा, आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल त्या मोजणीनंतर निघावं. आकडा हॉलच्या दारावर लावावा, आसनक्षमतेच्या शेजारी. शाळांसाठी नव्या खोल्यांच्या अंदाजपत्रकात छताच्या आच्छादनाची एक ओळ घालावी. पीओपीची नक्षी वगळली तरी चालेल. फॅन, वातानुकूलन आणि बाहेरच्या रस्त्याचा आवाज किती आत येतो, तेही त्याच दिवशी मोजावं, कारण निनाद कितीही चांगला असला तरी खडखडणारा एसी सगळं खाऊन टाकतो.

पक्की मोजणी तज्ज्ञाकडून आणि प्रमाणित उपकरणानेच व्हावी. पण पहिला अंदाज यायला एक फुगा आणि एक मोबाइल पुरतो. रिकाम्या हॉलमध्ये पंखे बंद करून फुगा फोडायचा, रेकॉर्ड करायचं, आवाज किती वेळ रेंगाळतो ते बघायचं. आमच्यासारखी ध्वनीचं काम करणारी माणसं या गावात बरीच आहेत. तुमच्या ताब्यातला हॉल एका सकाळी तासभर उघडून द्या, आम्ही मोबदला न घेता येऊ, मोजू आणि कागदावर लिहून देऊ. येत्या 5 नोव्हेंबरच्या आधी निदान एका नाट्यगृहाचा आणि एका शाळेच्या वर्गाचा आकडा गावापुढे यावा, एवढी विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सांगलीतली एक शिक्षिका आणि ध्वनिसंयोजक